नऊ तासांचं ऑकलंड

मला विमानतळावर सोडायला अख्खं भिसेगाव आलं होतं. बरं, अख्खं नाही, एक टेंपोभर. पण आईनं बॅगेत तांदळाच्या भाकऱ्या एवढ्या कोंबल्या होत्या की वजनकाट्यानं हात जोडले. आबांनी उभा जन्म माथेरानला हातरिक्षा ओढली. त्यांचं अंतर किलोमीटरात नव्हतं, तासांत होतं. त्यांनी विचारलं, "किती लांब हाय रं?" आई डोळ्याला पदर लावून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ठोकून दिलं, "नऊ तास, आबा. सकाळी तिकडं चहा पिऊन निघालो की रातच्याला तुमच्या पंगतीला."

ऑकलंड मुंबईपासून बारा हजार किलोमीटरच्या वर. सरळ विमान नाही. सिंगापूरला उतरायचं, तिथल्या गालिच्यावर सात-आठ तास लोळायचं, पुन्हा चढायचं. दार ते दार तीस तास. पण थाप एकदा मारली की तिला पोसावं लागतं. सुट्टीला येताना 'निघालो' हे मी कधी कळवलंच नाही. मुंबईत उतरूनच फोन करायचो. इकडे आबा विहारात सांगत फिरायचे, माझा पोरगा कसला परदेशात, मोहोपाड्याच्या कारखान्यातली डबल पाळी त्याच्यापेक्षा लांब हाय.

गेल्या मे महिन्यात, मी दुपारचा कामावर होतो तेव्हा दादाचा फोन आला. तिकडं सकाळ होती. आबा झोपेतच गेले होते. नीघ, आमी थांबतो, एवढंच तो म्हणाला.

विमानाच्या रांगेत उभा होतो तेव्हा पुन्हा फोन. लोकांना पाचची वेळ दिलीय, भन्तेजी येतायत, बर्फाच्या लाद्या दुसऱ्यांदा आणल्या. खोटं कशाला बोलू, तेव्हाही दोन थापा जिभेवर तयार होत्या: एक वादळाची, एक इंजिनाची.

"दादा, पाचला नाही. उद्या दुपारी."

त्यानं ते तिथल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. मग आईनं फोन घेतला.

"खरं सांग. किती तास?"

"अजून सत्तावीस, आई."

"मग आमी नेतो. ह्या उन्हात त्यांना नाय ठेवायचं."

मी पोचलो तेव्हा फरशीवरचं बर्फाचं पाणीसुद्धा वाळलं होतं. कुणी रागावलं नाही. दादानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "झाले का रं नऊ तास?"

जलदानविधी झाला. परत निघताना आईला सगळं खरं सांगितलं, दोन विमानं, मधलं थांबणं, सगळे तास. ती बोटांवर मोजत ऐकत होती. मग दादाला हाक मारून, उद्याची भाजी सांगावी तसं म्हणाली, "माज्या टायमाला याच्यासाठी थांबू नको रं."

दादानं मान डोलावली. मीही डोलावली.

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले कुणी हे वाचत असाल तर घरी खरे तास सांगून ठेवा. माझं घर अजून भिसेगावातच आहे. फक्त तिथं माझी वाट बघायची नाही, असं आता ठरलंय.