बंद टीव्हीतलं हवामान

भूतखेत, देवऋषी, अंगात येणं... या सगळ्याला मी आयुष्यभर नाक मुरडत आले. जुनी मॅट्रिक आहे मी. तरीही हे लिहितेय, कारण एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही – आणि खरं सांगायचं तर अजून सलतेसुद्धा.

आमची वाडी केज तालुक्यात, युसूफ वडगावपासून पायी तासाभरावर. पाराशेजारी दूध सोसायटीची पत्र्याची खोली, तिथं वाडीतला एकुलता एक टीव्ही, ब्लॅक अँड व्हाइट. संध्याकाळी दूध मापून झालं की बातम्या, आणि शेवटी हवामान. ते हवामानही माझ्या डोळ्यांसमोर मोठं झालं. सुरुवातीला बातम्या देणाराच दोन ओळी वाचून मोकळा व्हायचा. मग नकाशा आला, मग त्यावर चिकटवलेले ढग, मग आभाळातून काढलेला फोटो आणि तो दाखवायला वेगळी बाई. कोकणाचं कौतुक सांगताना तिचं कोपर नेमकं मराठवाड्यावर यायचं. आमच्या वाट्याला कायम "तुरळक ठिकाणी".

ते ऐकून सोसायटीच्या फळ्यावर लिहायचं काम माझं. दुष्काळाची दोन वर्षं सगळी वाडी माझा फळा बघून कामाला लागायची, आणि मला ते आवडायचं... फार आवडायचं.

मग ऊसतोडीवरून धाकटी जाऊ परतली, केसर. अक्षरओळख नाही. दुधाची किटली घेऊन दारात उभी राहून टीव्ही बघायची. एकदा म्हणाली, "अक्का, गुरुवारी आपल्याकडं पडतंय म्हनली की बाई." बाई असं काही म्हणालीच नव्हती, मराठवाडा कोरडा, हे मी माझ्या कानांनी ऐकून लिहिलं होतं. गुरुवारी पडला. असं तीनदा झालं. लोक फळा सोडून केसरला विचारायला लागले. आमचे हेसुद्धा – "तिला इचार की, तिला कळतंय." माझ्या पोटात असं दुखायचं की घास गोड लागेना. शिकले मी, लिहिते मी, आणि बाई बोलते हिच्याशी?

त्या वर्षी मृगात एक पाऊस झाला. सोसायटीनं घरटी एकच पिशवी बियाणं दिलेलं; ते गेलं की वर्ष गेलं. लगेच पेरायचं की थांबायचं, हे बातम्या ऐकून ठरणार होतं. आणि बातम्यांच्या आधीच लाइट गेली. मला मनातून बरंच वाटलं – आता बघू, काय सांगते. लोक थोडं थांबून घरी गेले. केसर बंद टीव्हीसमोर बसून राहिली, हवामान जेवढा वेळ चालतं तेवढाच वेळ. मग उठली, पदर सारखा केला.

"अक्का, उद्या पेरू नगा म्हनावं. ईस दिस कोरडं हाय."

"कोण म्हणालं?"

"बाई. म्हनली, तुज्या जावंला सांग, ती लिवती. लोक तिचं ऐकत्यात."

खोलीत आम्ही दोघीच होतो. मी टीव्हीच्या काचेला हात लावून बघितला. थंडगार.

ती गेल्यावर मी खडू घेतला आणि लिहिलं – "पाऊस चालू राहील. पेरणीस हरकत नाही." सकाळी विचारणाऱ्यांना सांगितलं, रेडिओवर ऐकलं. का केलं? जळत होते म्हणून. दुसरं कारण नाही.

केसर टँकरच्या रांगेतून परत येईपर्यंत तिफणी चालू झाल्या होत्या. आमचीही. पुढे बरोबर वीस दिवस थेंब नाही. उगवलेलं सगळं करपलं. लोकांनी टीव्ही-रेडिओला शिव्या घातल्या. मला कुणी बोललं नाही. केसर आता चारचौघांत तोंड उघडणार, म्हणून मी धास्तावले होते. ती एका शब्दानं बोलली नाही.

कुणी म्हणेल, तिला वाऱ्याची जाण असेल. असेल. पण मग माझ्यासाठी निरोप कुणी पाठवला? इतकी वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही. आपल्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक आला. बिऱ्हाड चढवून केसर माझ्याजवळ आली. "अक्का, त्या दिसापासनं बाई मला कायबी सांगत न्हाई. तुमाला सांगती का वो?"

"सांगते की," मी म्हणाले. "रोज सांगते."

तिचं तोंड एवढंसं झालं. आणि मला – लिहायलाही लाज वाटते – बरं वाटलं.