खाला म्हणाली, म्या काई केलं न्हाई

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी पुण्याहून कळमनुरीला आले. सोबत ऑफिसचा लॅपटॉप होता आणि ऑफिसने काढलेल्या आरोग्य विम्याची पुस्तिका होती. ती पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी आमच्या ऑफिसात बहुतेक मी एकटीच. तिच्यात एक कलम सापडलं: बाळंतपणात बाईजवळ राहून तिला आधार देणारी प्रशिक्षित सोबतीण ठेवली, तर तिचा काही खर्च मिळेल. पुण्यात अशा बाईला डूला म्हणतात. तिथली फी सांगितल्यावर आईने कानाला हात लावले.

"त्याच्यासाठी पुन्याची बाई कशाला? आपली खाला हाय की."

खाला म्हणजे मावशी; जवळच्या डोंगरकडा गावच्या सुईणीला सगळेच तसं म्हणतात. माझा जन्म तिच्याच हातचा. आता सगळ्या बायका दवाखान्यात जातात, तर खालाही त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाते. बाळ घेण्याचं काम डॉक्टरचं. बाईला सांभाळण्याचं तिचं. फार वर्षांपूर्वी तिने सरकारी दाई प्रशिक्षण घेतलं होतं. त्याचं सर्टिफिकेट पेटीच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली निघालं. सही करायलाही ती त्या प्रशिक्षणातच शिकली.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी ती सकाळच्या पहिल्या जीपने आली. दवाखान्यात नर्सबाई म्हणाल्या, आत एकच बाई येईल. आई स्वतःहून मागे सरली आणि तिने खालाला पुढे केलं. माझ्या आईने आयुष्यात कुणाला पुढे जाऊ दिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

दुपार कलेपर्यंत खाला एकदाही बसली नाही. तिने माझी कंबर चोळली, मला व्हरांड्यात चालवलं, घोटघोट पाणी पाजलं. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "वरड की. पन दम कोंडून वरडू नको, सोडून वरड." मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या दोन बांगड्या फुटल्या. मुलगी झाली.

सहाव्या दिवशी आम्ही खालाला सुपात ज्वारी, वर लुगडं आणि ज्वारीखाली पैशांचं पाकीट असं दिलं. ती पैसे हातात घेत नाही. हातात पैसा घेतला की हात जड होतो, मग तो लेकराला कसा लावायचा, असं तिचं म्हणणं. पावतीवर मात्र तिने जीभ दातांत धरून सही केली आणि मी कागद विमा कंपनीला पाठवले.

चौकशीसाठी कंपनीतल्या एका मुलीचा खालाला फोन गेला. त्यानंतर मला पत्र आलं: दावा नामंजूर. आपण काहीही केलं नाही आणि हातात एक पैसा घेतला नाही, असं सोबतीण स्वतःच सांगते. तरी पावतीबाबत खुलासा करावा. म्हणजे सरळ मराठीत, मी खोटी पावती केली.

माझं डोकं फिरलं. आई म्हणाली, न्हाई आले पैसे तर न्हाई. पण मला पैशांचं पडलं नव्हतं. माझ्या जन्माच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आहे, गावाचं आहे. जिने मला सगळ्यात आधी हातात घेतलं, तिचं कुठेच नाही. निदान माझ्या लेकीच्या वेळी तरी खालाचं काम काम म्हणून कागदावर यायला हवं होतं, आणि तिने तर स्वतःच्या तोंडाने ते पुसून टाकलं होतं.

सव्वा महिना झाल्यावर लेकीला घेऊन मी डोंगरकड्याला गेले.

"खाला, काई केलं न्हाई असं काहून सांगितलंस?"

"मंग काय सांगू? करनार वरचा, तकलीफ तुजी. मधी म्या मिरवू का? सुईनीनं असं बोलू न्हाई."

"म्हणजे मी खोटी पडले. पत्रात तसंच लिहिलंय."

तिने लेकीच्या अंगावरून हात काढला. "तुला खोटी म्हनले? लाव फोन."

फोन लावला आणि दोघींना ऐकू येईल असा मध्ये ठेवला. तीच मुलगी मिळाली. तुम्ही नेमकं काय केलंत, असं तिने पुन्हा विचारलं.

"काई केलं न्हाई," खाला म्हणाली. मी कपाळावर हात मारला. "सकाळधरनं उभी व्हते. कंबर चोळली. फिरवली हिला. घाबरली तवा तिच्यासंगं दम घेतला, सोडला. पानी पाजलं. हिच्या मायला बाहेर जाऊन दोनदा सांगून आले, रडू नको म्हनून. बांगड्या फुटल्या त्या येचल्या, कोनाच्या पायात जातील म्हनून. बाकी काई न्हाई."

"आणि पैसे?"

"हातात न्हाई घेतले, बराबर सांगितलं म्या. सुपात व्हते, जवारीखाली. घरी आल्यावर घावले."

पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज येत होता. मग ती मुलगी म्हणाली, "मी सगळं लिहून घेतलंय, खाला. फक्त 'काही केलं नाही' तेवढं वगळलं."

दावा मंजूर झाला. निम्माच, पण झाला. मला जिल्हा जिंकल्यासारखं वाटलं. मंजुरीचा कागद छापून घेऊन मी परत डोंगरकड्याला गेले आणि तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यावर तिचं पूर्ण नाव होतं, पुढे 'प्रशिक्षित प्रसूती सोबतीण' असं होतं, आणि खाली तिने केलेली कामं ओळीने लिहिली होती. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

"येवढं म्या केलं?"

"तूच केलंस."

कागद कशात द्यावा म्हणून मी भिंतीला टेकवलेलं सूप घ्यायला उठले.

"ऱ्हाऊ दे सूप," खाला म्हणाली. "ह्यो काय पैसा न्हाई." आणि तिने दोन्ही हात पुढे केले.