संपतने सांगितलेला शेवट

त्या दुपारी संपत पंपाच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची तार निम्मी भरून जेवायला घरी गेला होता. इंदापूरच्या आमच्या दुकानात मी त्याची वाट पाहत होतो आणि त्याच्या बायकोचा फोन आला. "भावजी, ह्यांनी बसल्या जागी डोळं मिटलं..." वहिनी एवढंच बोलल्या. आज दीड महिना झाला, तरी जेवायची वेळ टळली की माझी नजर दाराकडे जातेच.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं बारामतीत जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या एका दुकानात कामाला होतो. तो काटेवाडीचा, मी नरसिंहपूरचा. कॅनॉलला पाणी सुटलं की दारात मोटारींची रांग लागायची, म्हणून मालक एका वेळी एकालाच बाहेर सोडायचे. त्यावर संपतने तोडगा काढला. दुपारच्या शोला इंटरव्हलपर्यंत मी बसायचं, मग माझं अर्धं तिकीट घेऊन तो आत जाणार. थिएटरच्या दारात मी त्याला घाईघाईने सुरुवात सांगायची, संध्याकाळी तारेचे वेढे भरता भरता त्याने मला शेवट. ऐन खुनाच्या जागी तो वेढे मोजायचे विसरायचा आणि शिव्या दोघांना बसायच्या.

त्यातला एक पिच्चर मी विसरणं शक्य नाही. आम्ही बनियनवर घामाघूम आणि पडद्यावर जो तो लांब कोटात! दोन जिवलग मित्र, भागीतलं हॉटेल, काळे चष्मे, धूर, जिन्यावरून उतरणारे चकचकीत बूट... इंटरव्हलला पिस्तूल धरलेला हात दिसला, चेहरा नाही. मी तळमळत बाहेर आलो. त्याच दिवसांत संपत माझ्या मागे लागला होता, इंदापुरात भागीत दुकान टाकू म्हणून. वडील बजावत होते, "भागीत पडू नगंस. धंदा बी जाईल अन् दोस्त बी." मी मुळात भित्रा. रविवारी उत्तर देतो म्हणालो होतो.

"हात कुणाचा रं?" मी संध्याकाळी विचारलं. संपत बराच वेळ नुसता वेढे मोजत राहिला. मग म्हणाला, "म्यानेजरचा. पांढऱ्या कोटवाल्या दोस्तानं मधी उडी घेतली. गोळी छातीवर झेलली बिचाऱ्यानं..." माझे डोळे भरून आले. रविवारी मी होकार दिला.

पुढे आम्ही भांडलो नाही असं नाही. चहा कुणी सांगायचा यावरूनसुद्धा तो दोन दिवस अबोला धरायचा. पण एकमेकांपासून काही लपवलं नाही, असं मी परवापर्यंत समजत होतो. परवा मुलाने तोच पिच्चर मोबाईलवर लावून दिला. राहिलेला अर्धा भाग मी पहिल्यांदा पाहिला. तो हात पांढऱ्या कोटवाल्या मित्राचाच होता. आधी राग आला. मग वेढे मोजत गप्प बसलेला संपत आठवला आणि मी मुलासमोर ढसाढसा रडलो.

त्याने अर्धवट सोडलेली मोटार टेबलावरच होती. शेजारी खडूने लिहिलेला वेढ्यांचा आकडा, पुढे मला धरता यावा म्हणून. काल तिथून पुढे धरून मी ती पुरी केली. मोटारीचा मालक न्यायला आला. कडेला हात फिरवत त्याने विचारलं, "संपतरावांच्या हातची हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "शेवटपतोर त्यानंच भरली."