मेळ्याच्या गाडीतला टीव्ही

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. पंधरा-सोळा पुरुष दिवाळीनंतर एका गाडीत चढतात, मे महिन्यात उतरतात, तिथेच झोपतात, तिथेच भांडतात, एकमेकांचे वाळत घातलेले लेंगे चुकून घालतात, तेव्हा किस्से आपोआप साचतात, स्टोव्हवरच्या काजळीसारखे. पुसायला गेलं तर निघतात, पण हात काळे होतात. माझे झालेलेच आहेत, म्हणून सांगते.

आमचा दशावतारी मेळा. जत्रेच्या गावी जायचं, देवळापुढे रात्रभर नाटक करायचं, दिवसा गाडीत झोपायचं आणि उठून पुढच्या गावाला लागायचं. गाडी म्हणजे एका कारखान्याने निकालात काढलेली बस. बाकं काढून आम्ही फळ्या टाकल्या होत्या. आमचे हे गेल्यावर मेळा मी चालवायला घेतला. बाईमाणसाने पुरुषांच्या मेळ्याबरोबर गाडीतून फिरणं बरं दिसत नाही, असं चार लोक घरी येऊन सांगून गेले. मी म्हटलं, बरं दिसायचं काम नटांचं आहे, माझं नाही.

एक रीत सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा गणपती आणि सगळे मुखवटे एका मोठ्या पेटाऱ्यात असतात. पहाटे नाटक संपलं की गावचा मानकरी येऊन त्या पेटाऱ्यावर नारळ ठेवतो. नारळ ठेवला म्हणजे पुढच्या वर्षीची जत्रा आमची. ठेवला नाही, तर गाव गेलं. भांडता येत नाही, विचारता येत नाही. घरोघरी टीव्ही झाले आणि एकेक गाव नारळ ठेवायचं बंद झालं. माझ्या हातून मेळा बंद पडू द्यायचा नाही, एवढंच मी धरून बसले होते. आणि त्यासाठी मला काय घ्यावं लागलं? टीव्ही!

*

झालं असं की आमचे दोन नट ऐन हंगामात दुसऱ्या मेळ्यात गेले. राजपार्टी करणारा उमेश उरला होता. भरदार छातीचा, देखणा मुलगा, राजा म्हणून उभा राहिला की बाया पदर सावरून बसायच्या. तोही हल्ली पानाच्या गादीवर त्या मेळ्याच्या लोकांशी बोलताना दिसायचा. मी सरळ विचारलं, की बाबा तिकडे काय जास्त मिळतं? मान? जेवण?

त्याने पायाने माती उकरली. मग म्हणाला, "वयनी, थंय गाडीत टीव्ही आसा."

आमचे सासरे, मग आमचे हे, दोन पिढ्यांनी नट सांभाळले ते शब्दावर. मला खोकं आणून सांभाळायचे होते.

*

कुडाळच्या दुकानात मी, उमेश आणि आमचा ड्रायव्हर बाबल असे तिघे गेलो. बाबलच्या खांद्यावर गाडीची एक बॅटरी काढून दिली होती. दुकानदाराने बॅटरी पाहिली आणि त्याला वाटलं आम्ही विकायलाच आणली.

त्याने मोठा रंगीत टीव्ही लावून दाखवला. उमेशचे डोळे त्या चित्रातून हलेनात. मी म्हटलं, हाच आता या बॅटरीवर लावून दाखव. त्याने मध्ये इन्व्हर्टरची पेटी जोडली. थोडा वेळ चित्र आलं, मग पेटी अशी किंचाळायला लागली की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. दुकानदार म्हणाला, याला मोठी बॅटरी लागेल, मोठी पेटी लागेल, आणि गाडी सुरू ठेवावी लागेल. म्हणजे नटांनी सिनेमा बघायचा आणि मी डिझेल जाळायचं.

माळ्यावर एक छोटा ब्लॅक अँड व्हाइट पडला होता. मागे बारा व्होल्टचं भोक असलेला. मध्ये कुठली पेटी नको, दोन वायरी बॅटरीला लावल्या की झालं. लावला. मुकाट चालला. मी म्हटलं, हाच बांधून दे.

उमेशचं तोंड उतरलं. "वयनी, ह्यो कसलो विधवा टीव्ही घेतलात?"

बोलून गेला आणि जीभ चावली. दुकानदार कात्री शोधायला खाली वाकला तो वर येईना.

मी म्हटलं, "मेळो पण विधवाच चलयता."

टीव्ही गाडीपर्यंत उमेशने डोक्यावरून नेला. वाटेत एकदासुद्धा खाली ठेवला नाही.

*

गाडीत तो ठेवायचा कुठे, यावर अख्खी दुपार गेली. सपाट जागा एकच, पेटाऱ्याचं झाकण. पण पेटाऱ्याकडे आमच्यात पायसुद्धा करत नाहीत. मग त्याच्यावर मांजर चढावं तसा टीव्ही चढवायचा? मृदंगवाला म्हणाला, काय हरकत आहे, टीव्हीतही देवच दाखवतात. पेटीवाला म्हणाला, देवाच्या आधी साबणाची जाहिरात दाखवतात, तिचं काय?

निकाल लावला तातूने. तातू म्हणजे आमचा स्त्रीपार्टी. साठीला टेकलेला, अंगाने काटकुळा, पण लुगडं नेसून उभा राहिला की रडणाऱ्या राणीपुढे गाव रडत असे. ह्यांच्या तरुणपणापासून तो मेळ्यात. घर नाही, बायको नाही. मे महिन्यात सगळे आपापल्या घरी जायचे तेव्हा तातू गाडीतच राहायचा. त्याने रंगपटाची दोरी घेतली, जिथे त्याची लुगडी टांगायचा तिथे टीव्ही टांगला आणि आपली लुगडी उशाला घेतली.

म्हणाला, "माका कित्याक जागा व्हयी? माका कोण बघता आता."

सगळे हसले. मीही हसले.

*

पहिल्याच दिवशी धूर निघाला. मी बारा व्होल्टचा टीव्ही घेतला होता, पण आमच्या बसला दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणजे चोवीस. बाबलने दुप्पट चांगलं दिसेल म्हणून दोन्हीला मिळून वायरी लावल्या. चित्र आलं, खूप उजळ आलं, आणि गेलं. मग वास आला.

बाबलचं निदान असं होतं, की टीव्हीला नजर लागली. त्याने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुरुस्ती मात्र बांद्याला एका रेडिओवाल्याकडे करावी लागली. त्याने बजावलं, वायर एकाच बॅटरीला लावा, पण फार वेळ नको. दोघी मिळून गाडी उठवतात, एकीला उपाशी ठेवाल तर दुसरीलाही उठता येणार नाही.

हे मी गाडीत सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. नटांची मान. ती डोलावण्यासाठीच असते.

*

रेडीच्या जत्रेला निघालो होतो. वाटेत एका चढाआधी जेवायला थांबलो. उशीर झालेला, म्हणून निम्म्या लोकांनी तिथेच रंग लावून घेतला, किरीट चढवले. रंग वाळेपर्यंत टीव्ही लावला. मॅच होती. मी झाडाखाली पडले होते, मला कोणी उठवलं नाही.

निघायच्या वेळी बाबलने चावी फिरवली. गाडी नुसती खाकरली.

मग काय, विष्णू, शंकर, नारद, दोन राक्षस आणि एक राणी भर उन्हात बस ढकलताहेत! घामाने निळा रंग ओघळून विष्णूच्या धोतरावर उतरलेला. मागून खनिजाचा डंपर आला. ड्रायव्हर कच्चकन थांबला, खाली उतरला, आधी विष्णूला हात जोडले आणि मग अदबीने विचारलं, "देवानू, धक्को मारूचो काय?"

त्याने दोरी बांधून ओढत नेलं. आम्ही रखडत मध्यरात्री पोचलो तेव्हा गावाने आमच्या जागी भजन उभं केलं होतं. आम्हाला उरलेल्या वेळात नाटक करायला दिलं. पहाटे मी पेटाऱ्याजवळ उभी राहिले. मानकरी आला, गणपतीच्या पाया पडला, रिकाम्या हाताने गेला.

त्यानंतर टीव्हीला वेगळी बॅटरी घेतली. ती जिथे वीज मिळेल तिथे भरून आणायचं काम मी माझ्याकडे घेतलं. तेव्हापासून माझ्या सगळ्या लुगड्यांना आम्लाची भोकं आहेत. लोकांना वाटायचं, मेळा एवढा बुडाला की मालकिणीला कसर लागलेली लुगडी नेसावी लागतात. वाटू दे म्हटलं.

*

आमच्या नाटकाला लिहिलेलं काही नसतं. संध्याकाळी गोष्ट ठरते आणि जो तो आपल्या तोंडचं बोलतो. त्यामुळे दिवसभर कानात जे गेलं ते रात्री तोंडातून येतं. पूर्वी कानात कीर्तन जायचं.

एका गावी नाटकात राजाचं राज्य गेलेलं, मुलगा मेलेला. तातू राणी होऊन मांडीवर पोर घेऊन बसलेला. त्याचं ते बोलणं ऐकून पुढच्या बाया पदर तोंडात कोंबत होत्या. उमेश राजा. त्याला लाकडं आणायला जायचं होतं. वळला, हात वर केला आणि म्हणाला, "कुठेही जाऊ नका, आम्ही परत येतोय."

गाव खो खो हसलं. उमेशलाही बरं वाटलं, टाळी मिळाली. तातू तसाच मांडीवरच्या पोराकडे बघत राहिला. हसं थांबल्यावर त्याने पुन्हा रडायला सुरुवात केली, पण आता त्याच बाया त्याच्या रडण्याला हसायला लागल्या.

त्या गावचाही नारळ आला नाही.

*

उमेशसाठी टीव्ही घेतला, तो उमेश पुढच्या हंगामात गेलाच. जाताना पाया पडला. मी विचारलं, आता रे काय कमी पडलं?

"त्येंनी रंगीत घेतलो, वयनी."

*

शेवटी एकच गाव राहिलं होतं. कुडाळच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. सासऱ्यांनी मिळवलेलं पहिलं गाव, आणि माझ्या हातातलं शेवटचं. हा नारळ चुकला की पेटारा घरी नेऊन ठेवायचा, हे मी तातूला सांगितलं होतं. त्याने विचारलं होतं, मग मी खंय जावचा? मी बॅटरी उचलून भरायला नेली होती.

आम्ही दिवस मावळता पोचलो. गावात वीज नव्हती. ट्रान्सफॉर्मर जळलेला, आणि त्यात भारताची मॅच. सगळं गाव अंधारात तडफडत होतं. आमच्या पोरांनी गाडीत टीव्ही लावला, त्याचा निळा उजेड खिडकीतून बाहेर पडला, आणि माणसं यायला लागली. आधी दारात, मग खिडक्यांवर, मग टपावर चढून उलटी लोंबकळायला लागली.

गावकर, म्हणजे तिथले मानकरी, आले. ह्यांच्या ओळखीचा म्हातारा माणूस. म्हणाले, वयनी, सगळ्यांना दिसेल असा ठेवू या की. मी हो-नाही म्हणायच्या आत टीव्ही देवळापुढच्या मांडवात गेला. आमच्या रंगमंचावर एक बाकडा असतो, तोच सिंहासन, तोच रथ. त्या बाकड्यावर ठेवला. खाली बॅटरी ठेवली. अख्खं गाव मांडवात येऊन बसलं. बाया, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं. इतकी गर्दी मी ह्यांच्या वेळेनंतर पाहिली नव्हती.

मध्येच वारा आला आणि अँटेनाचा बांबू आडवा झाला. चित्र फाटलं. लोक ओरडायला लागले. तातू आत रंग लावून, राणीचं लुगडं नेसून, दागिने घालून तयार बसला होता. तो बाहेर आला, अँटेना उचलली आणि बाकड्यामागे उभा राहिला. एका हातात ती, दुसऱ्या हाताने पदर धरलेला. हात थोडा वर केला. चित्र स्वच्छ झालं.

टाळ्या पडल्या. तातू तसाच उभा राहिला.

गावकर नारळ घेऊन माझ्याकडे आले. नाटक सुरूही झालं नव्हतं. नारळ पेटाऱ्यावर ठेवला आणि म्हणाले, "वयनी, पुढल्या वर्साक पण तुमीच येवा. नाटक झाला नाय तरी चलात. पण ह्या टीव्हीक घेवन येवा."

मी नारळ उचलला आणि त्यांच्या हातात परत दिला. आयुष्यात मी कोणाचा नारळ परत केला नव्हता. मग मांडवात गेले, लोकांच्या मधून वाट काढत बाकड्यापर्यंत पोचले आणि वायर उपटायला बॅटरीजवळ वाकले.

वरून तातूचा आवाज आला. ओठ न हलवता बोलत होता. नजर समोरच्या गर्दीवर, डोळ्यांत राणीचं काजळ.

"वयनी, काडू नको. इतकी माणसा समोर बसलेली मी खूप वर्सांनी बघतंय."