मंडळातलं माझं पहिलं मत

कॅनडातल्या व्हिटबीच्या आमच्या मराठी मंडळात तीस वर्षं मी गणपतीच्या जेवणाला मसालेभात केला, पण मत एकदाही दिलं नव्हतं. घटनेप्रमाणे मत फक्त आजीव सभासदांना, तेही घराला एकच. सभेत प्रत्येक घराला एक पिवळं कार्ड मिळे. त्यावर नवऱ्याचं नाव असे आणि नवराच ते वर करी. ही घटना लिहिणाऱ्या पाचजणांत आमचे हेही होते. त्यात कुणाचा वाईट हेतू होता असं मला आजही वाटत नाही. वेगळं काही कुणी मागितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुढे अध्यक्षपद घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा नागपूरकडच्या एका चाळिशीतल्या इंजिनिअरला बिनविरोध निवडलं. तो इथे आला तेव्हा बायको-मुलीसह कुणाच्या तरी घराच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहिलेला. नव्यांना एअरपोर्टवरून आणायचं, ड्रायव्हिंग टेस्टला स्वतःची गाडी द्यायची, कुणाच्या आईला घेऊन इमर्जन्सीत तासन्‌तास बसायचं, हे सगळं तो करी. लोक त्याच्यावर जीव टाकत. भाषणात मात्र तो ‘आपण बेसमेंटवाले’ आणि ‘ते डॉक्टरलोक’ अशी सरळ फाळणी करी. टाळ्या पडत. आम्ही जुने सगळे त्या दुसऱ्या गटात, म्हणून ह्यांना ते फार लागे.

सहा महिन्यांत त्याने विशेष सभा बोलावली. ठराव एकच होता: अठरा वर्षांवरच्या प्रत्येक सभासदाला स्वतःचं मत. त्याच आठवड्यात ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून कार्ड घेऊन मी गेले. विरोधात द्यायचं, असं ह्यांनी दोनदा बजावलं. वर्षभरासाठी आलेले विद्यार्थी मंडळ ताब्यात घेतील आणि निघून जातील, ही त्यांची भीती. ती अगदीच खोटी नव्हती. मी मान डोलावली.

सभा शाळेच्या जिममध्ये होती. ज्यांना मत नव्हतं ते भिंतीला टेकून उभे होते. त्यांत दर गणपतीत माझ्याबरोबर पुऱ्या लाटणारी एक नर्स होती.

“काकू, तुम्हाला मत आहे?” तिने विचारलं.

“नाही गं, हे ह्यांचं आहे,” मी म्हटलं.

बोलून गेले आणि ते वाक्य मनातून हलेना. ‘ठरावाच्या बाजूने’ असं पुकारलं तेव्हा मी कार्ड वर केलं. ठराव चांगल्या फरकाने मंजूर झाला. माझ्या एका कार्डावर काही अडलेलं नव्हतं.

घरी बूट काढायच्या आधीच ह्यांना सांगून टाकलं.

“निदान मला फोन करून विचारायचंस,” हे म्हणाले.

“तीस वर्षांत तुम्ही मला कधी विचारलंत?”

पुढचे दोन दिवस बर्फाची पिशवी मागण्यापलीकडे बोलणं झालं नाही.

पण माझं समाधान दिवाळीपर्यंतच टिकलं. पहिल्यापासून सचिव असलेल्या डॉक्टरांना अध्यक्षांनी भर कार्यक्रमात, स्टेजवरून काढून टाकलं. लोकांचं मंडळ आता लोक चालवतील, असं म्हणून आपल्या मित्राचं नाव जाहीर केलं. डॉक्टर दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांना आधी कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मग सुपर व्हिसावर मुलांकडे येऊन वर्षानुवर्षं राहणाऱ्या आईवडिलांनी मत मागितलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले की पाहुण्यांना मत कशाला. ती वयस्कर मंडळी डॉक्टरांना मानत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या निवडणुकीत पहिल्यांदाच माझ्या नावाचं मत मला मिळालं. ते मी अध्यक्षांविरुद्ध उभ्या राहिलेल्या डॉक्टरांना दिलं. ते सपाटून पडले. मी अध्यक्षांकडे जाऊन सरळ सांगितलं, की ज्या मताधिकारासाठी तुम्ही भांडलात, तो मी तुमच्याविरुद्ध वापरला.

ते जराही चिडले नाहीत. “काकू, वापरला ना? बस, मग झालं,” म्हणाले आणि चहा आणायला गेले. ह्या माणसावर धड रागावताही येत नाही आणि विश्वासही टाकता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टर आता मंडळात येत नाहीत. आईवडिलांच्या मताचा ठराव मी एकदा मांडला, तो पडला. येत्या सभेसाठी पुन्हा लिहायला बसले, तेव्हा हे चष्मा लावून शेजारी येऊन बसले. अध्यक्षांचा ‘पाहुणे’ हा शब्द माझ्याही मसुद्यात आला होता, तो त्यांनी खोडला, त्या जागी ‘रहिवासी’ लिहिलं, आणि खाली पहिली सही केली.