अर्ध्या पोटाचा मासा

मासे पकडणाऱ्यांकडे किस्से फार साठतात आणि त्याचं कारण मासे नाहीत. पकडलेला मासा एकदाच सांगता येतो. दुसऱ्यांदा सांगताना तो वाढतो आणि ऐकणारे कमी होतात. पण चार माणसं दर रविवारी धरणाच्या बॅकवॉटरला सकाळपासून ऊन उतरेपर्यंत बसतात आणि काहीही घडत नाही, तेव्हा जे घडतं ते साठत जातं. मी आयुष्यभर सरकारी कार्यालयात कारकुनी केली. काहीही न घडता दिवस काढायचा अनुभव दांडगा, म्हणूनच बहुधा या मंडळीत मला प्रवेश मिळाला.

मंडळी म्हणजे आम्ही चौघं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले निकम, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मालेगावहून मोटरसायकलवर येणारे सलीमभाई, त्यांचे तिथे यंत्रमाग आहेत. अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर असलेला तिडके, हा आमच्यातला तरुण, म्हणजे चाळिशीचा. आणि मी, ज्याला हे तिघंही भाऊसाहेब म्हणतात.

*

माझा पहिला रविवार. अण्णा त्यांच्या नेहमीच्या सपाट दगडावर बसले होते. शेजारी पाण्यात बुडालेलं बाभळीचं खोड, समोर गळाची काठी, पाण्यावर फ्लोट. मी शेजारी जाऊन, ओळख वाढावी म्हणून, विचारलं, "काय अण्णा, काही लागलं का?"

अण्णांनी मान वळवली नाही. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. दिवस गेला. ऊन उतरलं. अण्णांनी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळली, काठी पिशवीत घातली, दगडावरून उठले आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"नाय."

*

खरं तर अण्णांना मासे लागायचे. ते ठेवायचे नाहीत, एवढंच. हातभर लांबीचा कटला काढायचा, गळ अलगद सोडवायचा, ओल्या हातांनी पाण्यात ठेवायचा आणि तो गेला की म्हणायचं, "मापात नाय."

सलीमभाईंच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. "अण्णा, रहम करो! घरी मसाला वाटून ठेवलाय. तुमचं माप आहे तरी केवढं?"

अण्णांनी बाभळीच्या खोडाकडे बोट केलं. "त्याच्या खाली राहतो ना, तेवढं."

तो मासा आम्ही सगळ्यांनी बघितला होता. काळसर पाठ, शेपटीचा वरचा पंख फाटलेला. वर्षातून एखाद्या वेळी वर येऊन वळायचा आणि पाण्यावर एवढी लाट उठायची की आमचे चारही फ्लोट हलायचे. अण्णांना तोच हवा होता. त्याच्यासाठी ते बाकीच्यांना सोडून देत होते.

*

तिडकेने ऑनलाइन एक यंत्र मागवलं. पाण्यात डबी सोडायची, आणि खाली कुठे मासा आहे ते स्क्रीनवर दिसतं. पहिल्याच दिवशी तो ओरडत आला, "अण्णा! तुमच्या बरोब्बर समोर आहे! मोठ्ठा! खोडाला टेकून उभाय!"

अण्णा म्हणाले, "मला माहीत हाय. मी हितं हाय, ते त्यालाबी माहीत हाय. आता तुम्हालाबी कळलं. बसा."

ते यंत्र तिडकेच्या मुलीने पुढे शाळेच्या प्रदर्शनात ठेवलं. तिला बक्षीस मिळालं. धरणावर त्याचा झालेला हा एकमेव उपयोग.

*

मोठा मासा नशिबाने मिळत नाही, जागा चारून मिळतो. म्हणजे रोज त्याच वेळी, त्याच जागी, थोडं खाणं टाकायचं. माशाला त्या जागेची सवय लागते, मग भरवसा बसतो. अण्णा रोज सकाळी स्कूटरवर यायचे, शेंगदाण्याची पेंड आणि भाजलेली मेथी यांची एक मूठ पाण्यात सोडायचे आणि परत जायचे. सणवार नाही, पाहुणेरावळे नाहीत. वहिनी म्हणायच्या, "मुलगा लहान असताना ह्यांनी त्याला असं वेळेवर खाऊ घातलं असतं, तर त्याची उंची वाढली असती!"

मी एकदा विचारलं, "एकच मूठ का? दोन टाकल्या तर लवकर सवय लागेल."

तोवर मला उत्तरासाठी संध्याकाळपर्यंत थांबावं लागत नव्हतं.

"भाऊसाहेब, उपाशी मासा बिचकतो. पोट भरलेला वळून बघत नाय. अर्ध्या पोटाचा मासा आपला."

मी पुष्कळ वाचलं आहे. माणसांविषयी इतकं नेमकं लिहिलेलं फार थोडं सापडलं.

*

एकदा तो लागला होता. अण्णांचा फ्लोट किंचित उचलला गेला, थरथरला, पुन्हा स्थिर झाला. अण्णा हलले नाहीत. फ्लोट तिरका झाला. अण्णा हलले नाहीत. मग तो सावकाश खाली गेला आणि अण्णांनी मनगटाला एकच झटका दिला. काठी कमानीसारखी वाकली. तंगूस पाणी कापत निघाली. फाटकी शेपटी क्षणभर वर आली.

अण्णा त्याला हवी तेवढी दोरी देत होते. तो दमेल, मग घेऊ, पुन्हा देऊ. हे तासभर चाललं असतं. पण तिडकेला राहवलं नाही. "अण्णा, खोडाकडे चाललाय! ओढा!" म्हणत त्याने झेप घेतली आणि काठी धरली.

तंगूस तुटली.

तिडके परतीच्या वाटेवर सारखा माफी मागत होता. शेवटी अण्णा म्हणाले, "अहो तिडके, मासा तुमच्यावर रागावला नाय. मी रागावलो का, ते मला घरी जाऊन बघू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मूठभर पेंड घेऊन पुन्हा दगडावर होते.

*

पावसाळ्यात अण्णांची बायपास झाली. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो. छातीला पट्टा, आवाज खोल गेलेला. सलीमभाईंनी दुआ मागितली, मी फळं ठेवली. अण्णांनी तिडकेला जवळ बोलावलं.

"पाणी कुठवर आलं?"

"तुमच्या दगडापर्यंत, अण्णा."

अण्णांनी डोळे मिटले. नर्सला वाटलं काही झालं. झालं काही नव्हतं, ते हिशेब करत होते.

मुलगा, मंदार, पुण्याहून आला होता. त्याने ठरवलं होतं, दिवाळीनंतर दोघांना कायमचं पुण्याला न्यायचं. चूक काहीच नव्हती त्यात. तो समजावत होता, "अण्णा, सोसायटीत सगळं आहे. बाग आहे. स्विमिंग पूलसुद्धा आहे."

अण्णांनी विचारलं, "चारा टाकू देतात का?"

मग मंदारलाही काय वाटलं कोण जाणे. म्हणाला, निघायच्या आधी एक रविवार तुम्हाला धरणावर घेऊन जातो.

*

तो रविवार. हवेत गारवा होता. मंदारने गाडी बांधावर उभी केली आणि तो आतच बसला. अण्णा सावकाश दगडापर्यंत चालत गेले. पिशवी मी घेतली. काठीला कोणी हात लावला नाही.

दगडासमोरचं पाणी बघून आम्ही थक्क झालो. भाताला आधण यावं तसे बुडबुडे! एवढे दिवस जागा सुटलेली, तरी मासे हजर. अण्णांनी गळाला पेंडीचा गोळा लावला. गोळा जिथे पडायचा तिथेच पडला.

सकाळ गेली. फ्लोट हलला नाही. जेवणाचे डबे उघडले, बंद झाले. फ्लोट हलला नाही. मग खोडाजवळ पाणी फुगलं आणि तो वर आला. फाटकी शेपटी. अण्णांच्या गळाच्या शेजारून, जेवण झाल्यावर अंगणात फिरावं तसा, तो गेला. पुन्हा आला. गोळ्याकडे त्याने बघितलंही नाही.

अण्णा वाकले. काठावर लागलेला साका त्यांनी बोटांवर घेतला आणि हुंगला.

"बडीशेप," ते म्हणाले. "मी बडीशेप घालत नाय."

मी पाण्याकडे बघू लागलो. अण्णा दवाखान्यात गेल्यापासून, रोज सकाळी फिरायला जातो असं घरी सांगून मी पोळीचा चुरा आणि बडीशेप टाकून जात होतो. अण्णांची जागा मोडू नये म्हणून. एकच मूठ, नियमाप्रमाणे. सांगायचं कशाला, म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं.

अण्णांनी पुन्हा हुंगलं. "खारी. बेकरीतली."

सलीमभाई हळूच म्हणाले, "रोज यायला जमत नव्हतं, अण्णा. म्हणून आलो की पोतंभर टाकायचो."

तिडकेला विचारायची वेळच आली नाही. "माझ्या तर माशांच्या खाद्याच्या गोळ्या होत्या," तो म्हणाला, "शिफ्टला जाताना. चांगल्या कंपनीच्या."

मासा पुन्हा एकदा वर आला, वळला आणि खाली गेला. अण्णा फ्लोटकडे बघत बसले. ऊन उतरेपर्यंत बसले. मग त्यांनी तंगूस गुंडाळली, काठी पिशवीत घातली आणि कमरेच्या डब्यातली मेथी-पेंडीची मूठ त्याच जागी सोडली.

आम्ही तिघं त्यांच्या मागून बांधावर गेलो. मंदारने दार उघडून धरलं.

"अण्णा, काही लागलं का?"

अण्णा आत बसले. पिशवी मांडीवर घेतली. आमच्याकडे एकेक करून बघितलं.

"तीन," ते म्हणाले. "मापात नव्हते. सोडून दिले."