मापट्यावरची शीग

इंदापूरच्या स्टँडवर आबा जीपमधून उतरले नाहीत. काच खाली करून एवढंच म्हणाले, "आता हितं तुझं काय न्हाय राहिलं." दादाने बॅग फुटपाथवर ठेवली आणि आईने गाडीतल्या गाडीत पदर सारखा केला. पुण्याची एसटी लागली, मी चढले. कुणी हात हलवला नाही, मीही नाही.

माझा गुन्हा ऐका. वडगाव निंबाळकरच्या घरी मी नानकटाई करायचे, ती बारामतीपर्यंत खपायची. दादाने इंदापुरात हायवेला बेकरी टाकली आणि परस्पर ठरवलं की मागच्या खोलीत मी पीठ मळायचं. मला कुणी विचारलंच नाही. मी टोरांटोच्या एका बेकरीत नोकरी मिळवली आणि निघाले. पाटीवर नाव दादाचं आणि हात माझे, हे मला मान्य नव्हतं. अजूनही नाही.

इथे सगळं स्केलवर चालतं. भांडं ठेवा, टेअरचं बटण दाबा, आकडा शून्य, मग मैदा. पहिल्या शिफ्टला मी कपाने मैदा भरला तेव्हा सुपरवायझरने तो परत पिंपात ओतला. मेल्याचा राग आला, पण त्याचं बरोबर होतं. एकच कप चार जणांनी भरला तर चार वजनं येतात.

दोन वर्षं घरून फोन नाही. मग दादाचा मेसेज आला: नानकटाईचं प्रमाण पाठव. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. मी पाठवलं, जसं मला येत होतं तसं: चार मापटी मैदा, बाकी तूप-साखर. आमच्या घरी पितळेचं एक मापटं आहे, आईच्या आईचं. माझं सगळं प्रमाण त्यावरच बसलेलं.

आठवड्याने त्याचा फोन आला. नानकटाया ट्रेभर पसरल्या होत्या, तुपाची थारोळी झाली होती. "मुद्दाम चुकीचं दिलंस. धंदा बुडवायचा हाय व्हय आमचा?" मागून आबांचा आवाज, "तिचं रक्तच फिरलंय." ते मी पचवलं. पण आईने फोन घेतला आणि हळूच विचारलं, "खरं सांग, मुद्दाम केलंस का गं?" ते मात्र लागलं. माझ्यावर कुणीही खोटेपणाचा आळ घ्यावा, पण तिने?

मी म्हटलं, व्हिडिओ लावा आणि बेकरीतला काटा घ्या. दादा, आधी तू भर. त्याने मापटं भरलं आणि मोबाइलवरच्या रेसिपीत बघितल्यासारखी वरून सुरी फिरवली. दोनशे नव्वद ग्रॅम. आता आई, तू. आईने वर डोंगर होईपर्यंत शीग लावली. तीनशे ऐंशी. पुन्हा भरायला लावलं. तीनशे ऐंशीला एखाद-दुसरा कमी. तिसऱ्यांदाही तेच. चार मापट्यांत साडेतीनशे ग्रॅमहून जास्त मैदा दादाच्या सुरीने उडवला होता.

दादा चिडून म्हणाला, "मग सपाट भरायचं न्हाय, हे लिहायचं ना!"

आई म्हणाली, "आपल्या घरात सपाट कोण भरतं? शेजारणीला उसनं पीठ देताना तरी बघितलंस का कधी?"

मी विचारलं, मग स्टँडवर गप्प का बसलीस?

"पिठाचं कळतंय मला," ती म्हणाली. "बाकीचं मला कुणी इचारलंवतं?"

दादाने माफी मागितली नाही. "ग्रॅममध्ये लिहून पाठव," म्हणाला. मी पाठवलं, एका अटीवर: आता मापटं तुमच्या कामाचं नाही, ते मला द्या.

परवा बारामतीची एक मुलगी शिकायला इथे आली, तिच्याबरोबर ते आलं. भाजलेला रवा काठोकाठ भरून वर फडकं घट्ट बांधलेलं. शेजारी रव्याचीच एक छोटी पुडी. मुलीला आईने सांगितलं होतं, "ही वरची शीग. वाटंत सांडंल म्हणून निराळी बांधलीय."

माझ्यासारखे जे निघून आले त्यांना गावाची ओढ लागते म्हणतात. मला वडगावची लागत नाही, इंदापूरची तर नाहीच. आबा, मी परत येणार नाही. माझं घर तेवढंच, त्या पुडीत मावेल एवढं. ती मी अजून सोडलेली नाही.